कोठी नाही, की कोठी दिसत नाही?



वसंतातील व्याख्यानांना काव्य, इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय शोभून दिसतात. सर्व्हरचे स्थलांतर झाल्यावर त्यातील साठ्याच्या कोठ्या का सापडेनाशा होतात आणि त्या कशा शोधाव्यात, हा आजचा विषय ऐकून, कारखान्यातल्या मिस्त्रीचे काम व्यासपीठावर कशाला आणले, असे काहींच्या मनात आले असेल. या शंकेचे उत्तर आम्ही आधीच देऊन टाकतो. आपले बँकेतील खाते, शेताचा सात-बारा, मुलाची गुणपत्रिका, दवाखान्यातील तपासण्यांचे अहवाल हे सारे आज कागदावर कमी आणि कोठल्यातरी सर्व्हरवर अधिक असते. यंत्र माणसापेक्षा लवकर म्हातारे होते. काही वर्षांनी ते बदलावेच लागते, आणि ते बदलताना आपल्या सर्वांचे दप्तर एका घरातून दुसऱ्या घरात जाते. हे बिऱ्हाड हलवणे आपल्या नकळत घडते; पण त्यात काही हरवले तर ते आपले हरवते. तेव्हा विषय मिस्त्रीचा असला तरी चिंता नागरिकाची आहे.

प्रथम कोठी म्हणजे काय ते पाहू. १९५६ साली आयबीएम कंपनीने डिस्कवर माहिती साठवणारे पहिले यंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज खिशातल्या फोनवर काढलेल्या एखाद्या छायाचित्रालाही तेवढी जागा लागते. आकार पालटला, पण व्यवस्थेचे तत्त्व फारसे पालटलेले नाही. ही व्यवस्था थरांची आहे. सर्वांत खाली डिस्क, म्हणजे निव्वळ मोकळी जमीन. तिच्यावर आखणी करून पाडलेले विभाग, म्हणजे प्लॉट. अनेक डिस्कांचे विभाग एकत्र करून त्यांतून हव्या त्या मापाची जी जागा बांधून काढतात तिला व्हॉल्यूम म्हणतात. आम्ही तिला कोठी म्हणू. कोठीत फडताळे आणि कोणते सामान कोठे आहे याची सूची असते. ती फाइल सिस्टिम. आणि शेवटी ही कोठी घराच्या एका ठरावीक दाराला जोडावी लागते, तेव्हाच घरातल्या माणसाला आत जाता येते. या जोडणीला माउंट करणे म्हणतात.

लिनक्स या प्रणालीत अशा कोठ्या बांधण्याची सोय हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ साली आणली. तिचा मोठा लाभ असा की कोठी कोणत्या डिस्कवर उभी आहे याची चिंता वरच्या कार्यक्रमांना करावी लागत नाही. पण जी गोष्ट रोजच्या व्यवहारात झाकलेली राहते, ती स्थलांतराच्या दिवशी एकदम उघडी पडते. पाच थरांपैकी कोणत्याही एका थरात खोट आली, तरी वर बसलेल्या माणसाला एकच वाक्य ऐकू येते: कोठी मिळाली नाही.

आमच्या आजच्या विवेचनाचे सूत्र याच वाक्यात आहे. ‘कोठी नाही’ आणि ‘कोठी दिसत नाही’ ही दोन निराळी विधाने आहेत. यंत्र नेहमी दुसरे विधान करते आणि घाबरलेला माणूस पहिले ऐकतो. पहिले ऐकले की त्याला नवी कोठी बांधण्याची घाई होते. आणि नवी कोठी बांधण्यासाठी तो जी जागा साफ करतो, तिच्यातच बहुधा जुनी उभी असते.

हे नीट कळण्यासाठी एक उदाहरण कल्पू. तालुक्याच्या गावी एक पतपेढी आहे. तिचा सर्व्हर जुना झाला. शनिवारी संध्याकाळी कामकाज संपल्यावर डिस्का नव्या यंत्रात बसवल्या, किंवा त्यांची नक्कल नव्या डिस्कांवर उतरवली. रविवारी यंत्र सुरू केले, तो पडद्यावर लाल अक्षरे. सोमवारी सकाळी दहा वाजता खिडकी उघडायची आहे. बाहेर पेन्शन घेणारे वृद्ध, मुलीच्या लग्नासाठी ठेव मोडायला आलेला शेतकरी, असे लोक उभे राहणार. या प्रसंगी कोठी शोधणाऱ्याने कोणकोणत्या शंका आणि कोणत्या क्रमाने घ्याव्यात?

पहिली शंका नावाची. जुन्या पद्धतीत डिस्कांना ‘एसडीए’, ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ अशी नावे मिळतात. ही नावे डिस्कांची स्वतःची नव्हेत. यंत्र सुरू होताना जी आधी सापडली ती ‘ए’, नंतरची ‘बी’. शाळेत रांगेतला तिसरा मुलगा अशी ओळख ठेवली आणि दुसऱ्या दिवशी रांग निराळी लागली, तर जे होईल तेच येथे होते. आभासी यंत्रात गेल्यावर तर ‘एसडीए’चे ‘व्हीडीए’ही होऊ शकते. जोडणीच्या पत्रकात, ज्याला ‘एफएसटॅब’ म्हणतात त्यात, जर रांगेतला क्रमांक लिहिलेला असेल तर नव्या घरात ते पत्रक खोटे ठरते. यावर उपाय म्हणून लिनक्सच्या बहुतेक फाइल सिस्टिमना जन्मतःच १२८ बिटांचा एक ओळखक्रमांक दिलेला असतो. त्याला यूयूआयडी म्हणतात. तो कोठीबरोबर प्रवास करतो. पत्रकात हा क्रमांक लिहिला असेल तर रांग कशीही लागो, कोठी सापडते. यंत्रातील सर्व डिस्का, त्यांचे विभाग आणि क्रमांक यांची यादी मागून ती पत्रकाशी ताडून पाहणे हे शोधाचे पहिले काम होय. त्याला पाच मिनिटे लागतात आणि त्यात काहीही बिघडण्याची भीती नाही.

पण या उपायालाही एक पुरवणी जोडली पाहिजे. अक्षरशः नक्कल केली की क्रमांकाचीही नक्कल होते. मूळ डिस्क आणि तिची नक्कल दोन्ही एकाच यंत्राला लावल्या, तर एकाच क्रमांकाच्या दोन जुळ्या कोठ्या समोर येतात. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम अशा वेळी दुसरीला जोडून घेण्याचे साफ नाकारते. विंडोज प्रणाली दुसऱ्या डिस्कला ‘ऑफलाइन’ ठेवून देते. हे यंत्राचे आडमुठेपण नव्हे, शहाणपण आहे. खरी कोणती आणि नक्कल कोणती हे त्याला ठाऊक नाही. ते ठरवून एकीला बाजूला काढून ठेवणे हे माणसाचे काम आहे.

दुसरी शंका वाटाड्याची. यंत्र सुरू होताना मुख्य प्रणाली जागी होण्यापूर्वी एक लहानशी प्रारंभिक प्रणाली जागी होते. डिस्कपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारे ड्रायव्हर तिच्यापाशी असावे लागतात. जुन्या घरातील जिना तिला ठाऊक असतो, नव्या घरातील नसतो. मग डिस्क जागेवर असते, आतील अक्षर न् अक्षर शाबूत असते. पण तिच्याकडे जाणारी वाट वाटाड्याला माहीत नाही. अशा वेळी बचाव-प्रतीतून यंत्र सुरू करून ही प्रारंभिक प्रणाली नव्या ड्रायव्हरांसह पुन्हा बांधली की काम भागते. जाणता माणूस हे काम स्थलांतरापूर्वीच, जुन्या घरात असतानाच, उरकून घेतो.

तिसरी शंका समूहाची. कोठी तीन डिस्कांवर मिळून बांधलेली असेल आणि नव्या यंत्राला दोनच लागल्या असतील, तर अमुक क्रमांकाची डिस्क सापडत नाही असा निरोप येतो. या निरोपात तक्रारीबरोबर मार्गदर्शनही आहे, कारण कोणती डिस्क हवी तिचा क्रमांकच त्यात सांगितलेला असतो. सैल बसलेली तार, न जोडलेला केबल, साठ्याच्या मोठ्या यंत्रात नव्या सर्व्हरला न मिळालेली परवानगी, यांपैकी काहीतरी बहुधा असते. याच जागी एक मोठा मोह उभा राहतो. हरवलेल्या डिस्कचे नाव समूहातून कायमचे कमी करण्याची एक आज्ञा असते. ती दिली आणि त्या डिस्कवर पसरलेल्या कोठ्याही काढून टाकल्या की लाल अक्षरे नाहीशी होतात. पण तो निरोप म्हणजे तिन्ही भावंडे हजर नसल्याची हाक होती. हाक बंद करण्यासाठी एका भावाचे नावच वारसातून खोडणे हा काही शोध नव्हे.

याच थरात अलीकडे एक नवी गोष्ट आली आहे. रेड हॅटच्या लिनक्सच्या ९ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, कोणत्या डिस्का आपल्या मानाव्यात याची एक यादी यंत्र स्वतःजवळ ठेवते. यादीबाहेरच्या डिस्कवर कोठ्यांचा समूह असला तरी तो दाखवला जात नाही. जुनी डिस्क नव्या यंत्रात गेली आणि समूह दिसेना, तर डिस्क मेली असे समजण्याआधी पाहुण्याचे नाव दारावरच्या यादीत चढवले आहे काय, ते पाहावे.

चौथी शंका मापाची. डिस्क बनवणारे एक टेराबाइट म्हणजे दहाचा बारावा घात मोजतात. पुष्कळ संगणक हजाराऐवजी १०२४ च्या पटीत मोजतात. म्हणून दुकानातून एक टेराबाइट म्हणून आणलेली डिस्क पडद्यावर सुमारे ९३१ दाखवते. यात कोणी वजनात मारलेले नाही. शेर आणि किलो यांसारखा हा फरक आहे. पण स्थलांतरात हा फरक महाग पडतो. एकाच नावाच्या दोन डिस्कांतही शेवटच्या काही खणांचा फरक असू शकतो. नवी डिस्क किंचित लहान निघाली आणि नक्कल तेथवरच थांबली, तर कोठीची सूची म्हणते की आपल्याकडे इतके खण आहेत, आणि जमीन म्हणते की तितके नाहीत. यंत्र मापाची चूक सांगून थांबते. येथे दुरुस्ती करू नये. नक्कल टाकून द्यावी, मोठी डिस्क घ्यावी आणि मुळावरून पुन्हा उतरवावे.

पाचवी शंका मालकीची. लिनक्समध्ये फाइलीचा मालक नावाने नव्हे, क्रमांकाने नोंदलेला असतो. जुन्या यंत्रात १००१ म्हणजे हिशेबनीस असेल आणि नव्या यंत्रात १००१ म्हणजे कोणी भलताच. मग कोठी सापडली, दार उघडले, तरी हिशेबाचा कार्यक्रम म्हणतो की मला आत जाण्याची परवानगी नाही. परवानगी नाही याचा अर्थ माल नाही असा होत नाही, हे पुन्हा सांगावयास नको. पण अशा वेळी उतावीळ माणूस सर्व दारे सर्वांना उघडी करून टाकतो. काम चालू होते, आणि सभासदांची खाती कोणीही उघडून पाहावीत अशी स्थिती होते. क्रमांक जुळवून घेणे हाच योग्य मार्ग होय.

श्रोतेहो, येथवरच्या पाचही शंकांत यंत्र निदान बोलते तरी. सहावी गोष्ट सर्वांत धोक्याची, कारण तीत ते बोलत नाही. कोठी ज्या दाराला जोडावयाची ते दार म्हणजे मुख्य डिस्कवरचे एक रिकामे फोल्डर असते. जोडणी झाली नाही तरी ते फोल्डर तेथे असतेच. काही कार्यक्रम असे असतात की ठरल्या जागी वही सापडली नाही तर निमूटपणे कोरी वही घालून काम सुरू करतात. आता आपली पतपेढी डोळ्यांसमोर आणा. जोडणी फसली हे कोणाच्या लक्षात आले नाही. सोमवारी कार्यक्रम सुरू झाला, त्याने कोरी वही काढली, आणि सकाळच्या दोन तासांतील भरणा तीत लिहिला गेला. अकरा-साडेअकराला कोणी तक्रार केली की माझी मागील शिल्लक दिसत नाही. धावाधाव झाली, खरी कोठी दाराला जोडली गेली, जुने खाते आले. पण सकाळचा भरणा? तो खाली, त्या दाराआड झाकला गेला. आता एकाच पेढीच्या दोन वह्या झाल्या आणि दोन्ही खऱ्या. अशा वेळी खरी कोठी क्षणभर सोडवून दारामागे काय पडले आहे ते पाहावे, ते जपून बाजूला काढावे आणि नोंदी हाताने जुळवाव्यात. पण त्याहून बरे हे की, कोठी जोडली नसेल तर कार्यक्रम सुरूच होऊ नये अशी अट आधीच घालून ठेवावी. ती सोय प्रणालीत आहे. एका ओळीचे काम आहे.

आता क्रमाविषयी. शंका पुष्कळ असल्या तरी त्या घेण्याचा क्रम एकच आहे, खालून वर. डिस्क दिसते काय? विभाग दिसतात काय? समूह पुरा आहे काय? फाइल सिस्टिम ओळखली जाते काय? जोडणी बरोबर दाराला आहे काय? मालकी जुळते काय? खालचा प्रश्न सुटल्याशिवाय वरच्याला हात लावू नये. पाया खचलेला असताना भिंतीला गिलावा करणाऱ्या गवंड्यास आपण शहाणा म्हणत नाही. फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी ‘एफएससीके’ ही आज्ञा अशीच गिलाव्याची आहे. खालचा समूह अपुरा असताना किंवा डिस्का उलटसुलट क्रमाने लागल्या असताना ती चालवली, तर ती दिसेल त्यालाच सत्य मानून सूची नव्याने लिहिते आणि निराधार झालेले तुकडे नाव पुसून, नुसता क्रमांक घालून, एका कोपऱ्यात टाकते. म्हणून ती आधी नुसती पाहण्याच्या रीतीने चालवावी. तशी सोय तिच्यात आहे.

यासोबत तीन नियम पाळावेत. एक, पडद्यावर आलेला निरोप जसाच्या तसा लिहून घ्यावा. ‘काहीतरी एरर आली’ असे फोनवर सांगणाऱ्यास जगातील कोणताही तज्ज्ञ मदत करू शकत नाही. दोन, कारण कळेपर्यंत डिस्कवर एकही नवे अक्षर लिहू नये. येथे एक बारकावा आहे. कोठी ‘फक्त वाचण्यासाठी’ जोडली तरी ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइल सिस्टिम आपली अपुरी राहिलेली रोजवही पुरी करून घेतात, म्हणजे थोडे लिहितातच. तेही नको असेल तर तसे वेगळे सांगावे लागते. तीन, दुरुस्ती मुळावर करू नये. मुळाची अक्षरशः नक्कल काढावी आणि प्रयोग नकलेवर करावेत.

हे सारे अतिसावधपणाचे वाटत असेल तर जगात काय घडले ते थोडक्यात सांगतो. मायस्पेस या संकेतस्थळावर तरुण गायक-वादकांनी वर्षानुवर्षे आपली गाणी ठेवली होती. मार्च २०१९ मध्ये संस्थेने सांगितले की सर्व्हरच्या स्थलांतरात तीन वर्षांहून जुनी गाणी, चित्रे आणि चित्रफिती बहुधा गेल्या. पाच कोटींहून अधिक गाणी गेली असावीत, अशा बातम्या आल्या. पुढच्याच महिन्यात इंटरनेट आर्काइव्हने त्यांतील सुमारे ४ लाख ९० हजार गाणी लोकांस परत उपलब्ध करून दिली. ती कोठून आली? काही अभ्यासकांनी संशोधनासाठी २००८ ते २०१० या काळातील गाण्यांची नक्कल काढून ठेवली होती. मालकाच्या घरी नव्हते ते शेजाऱ्याच्या फडताळात निघाले.

अमेरिकेतील डॅलस शहरात २०२१ च्या वसंतात पोलीस खात्याच्या फाइली एका साठ्यातून दुसऱ्यात हलवताना सुमारे २२ टेराबाइट माहिती पुसली गेली. त्यांतील सुमारे १४ परत मिळाली. सरकारी वकिलांस हे कळले ते ऑगस्टमध्ये. गेलेल्या माहितीत खटल्यांचे पुरावे होते, म्हणजे कोणाच्या न्यायाचा आणि कोणाच्या मुक्ततेचा प्रश्न होता.

तिसरे उदाहरण ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे. एप्रिल २०१८ मध्ये तिने आपल्या ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर नेली. खाती सुखरूप पोहोचली; यंत्रणाच नीट चालेना. माल आहे आणि दार उघडत नाही, अशी ही अवस्था. सारे सुरळीत होण्यास डिसेंबर उजाडला, आणि २०२२ साली नियामकांनी बँकेस ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. तीन उदाहरणांत तीन तऱ्हा आहेत: माल गेला, माल अर्धामुर्धा परत आला, माल राहिला पण मिळेना. ग्राहकाला खिडकीवर तिन्ही सारख्याच दिसतात. पण ज्याला शोध करायचा आहे त्याने आपण यांपैकी कोठे आहोत हे प्रथम ठरवलेच पाहिजे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की हे सर्व तंत्रज्ञाने जाणावे, आम्ही जाणून काय उपयोग? आमच्या मते उपयोग आहे. आपल्यांतील अनेकजण पतपेढीचे संचालक आहेत, शाळेच्या मंडळावर आहेत, ग्रंथालयाचे कार्यवाह आहेत. तंत्रज्ञास घाई कोण लावते? आपणच. ‘दहाच्या आत सुरू झालेच पाहिजे’ हे वाक्य संचालकाच्या तोंडून निघते, आणि आज्ञा देणाऱ्या बोटाला कंप सुटतो. ‘दोन तास खिडकी बंद राहिली तरी चालेल, लोकांना आम्ही सांगतो, तू मुळाला हात लावू नकोस’ असे म्हणणारा एक संचालक पाठीशी असला, तर माहिती वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते.

आणि असे म्हणावयाचे धैर्य यावे म्हणून संचालकांनी स्थलांतराआधी चार प्रश्न विचारावेत. जुन्या डिस्का किती दिवस हात न लावता ठेवणार? नक्कल वेगळ्या जागी आहे काय, आणि ती उघडून, वाचून पाहिली आहे काय? नव्या कोठीतील फाइली मुळाशी जुळतात हे नुसत्या संख्येने पाहणार, की प्रत्येक फाइलीचा चेकसम काढून ताडणार? आणि बेत फसला तर जुन्या घरी परत जाण्याची वाट कोणती? या चारांची उत्तरे लेखी मिळाल्याखेरीज शनिवारची संध्याकाळ ठरवू नये. न उघडलेल्या नकलेवर विसंबणे म्हणजे आत काय आहे ते न पाहता पेटीला कुलूप लावून निश्चिंत झोपणे होय.

आपल्याकडे दप्तर सांभाळण्याची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी रुमाल आज वाचता येतात ते, सत्ता पालटली तरी ते कोणीतरी बांधून, नोंदून, ठेवून दिले म्हणून. त्या कारकुनांच्या हाती जे काम होते तेच आज सर्व्हर हलवणाऱ्याच्या हाती आहे. रुमाल डोळ्यांना दिसत असे आणि कोठी दिसत नाही, एवढाच काय तो भेद. जे दिसत नाही ते नाही असे ठरवण्याची घाई न करणे, हाच या साऱ्या विद्येचा पहिला पाठ आहे, आणि तो शिकण्यासाठी संगणक यावाच लागतो असे नाही.